जेवण बारा ते अडीच

सव्वीस वर्षं मी संभाजीनगरातून सहली नेल्या. उस्मानपुऱ्यात माझं एका खोलीचं ऑफिस होतं. आता ते भाचीच्या हवाली केलंय आणि मी घरी बसून लोकांवर चिडते. कधी तिचा गाईड आजारी पडला की अजून मला बोलावणं येतं, तेव्हा जाते आणि तिथं जाऊन चिडते.

इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं गेलं असेल? लेण्यांचं नाही. पाळणा किती उंच जातो, हेही नाही. "मॅडम, जेवणाचा प्लॅन घ्यावा का नको?" हे.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, प्रवासातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." लागत असेल. दोन गमती सांगून टाकते, म्हणजे तुमचंही समाधान. मग मात्र मला जे बोलायचंय ते बोलू द्या, कारण ते माझ्या घशात अडकून बसलंय.

आधी हा प्लॅन काय असतो ते सांगते. मोठ्या थीम पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. गेटवर पिशव्या तपासतात, चिवड्याची पुडीसुद्धा काढून घेतात. आत खायचं तर त्यांच्याच हॉटेलात, त्यांच्याच भावानं. म्हणून तिकिटाबरोबरच जेवणाचे पैसे आधी भरून ठेवायची सोय असते. भरले की मनगटाला कागदी पट्टा बांधतात. तो पट्टा काउंटरवरच्या मशिनला दाखवायचा, हिरवा दिवा लागला की ताट मिळतं. ताटात हवं तितकं घ्या. पण वेळ ठरलेली असते, दुपारचं जेवण बारा ते अडीच. अडीचनंतर मशीन लाल दिवा दाखवतं, आणि न खाल्लेल्या जेवणाचा छदामही परत मिळत नाही.

कुणाला परवडतं? ज्यांच्यात वाढत्या वयाची पोरं जास्त, त्यांना. दिवसभर आतच राहणाऱ्यांना. दर तासाला पोरगं काहीतरी मागतं आणि बापाचा हात खिशाकडं जातो, अशांना. कुणाला परवडत नाही? दोन घास खाणाऱ्या म्हाताऱ्यांना, उपासवाल्यांना आणि पथ्यवाल्यांना. सरळ हिशेब आहे, असं मलाही वाटायचं.

आता पहिली गंमत. सिडकोतले एक बँकेतले साहेब होते. प्लॅन घेतला आणि म्हणाले, "मॅडम, आता वसूल करतो बघा." बारा वाजता पहिल्या नंबरावर उभे राहिले. गुलाबजाम त्यांनी किती खाल्ले ते मी मोजलं नाही, पण वाढणाऱ्यानं मोजले असणार, कारण तो दुसऱ्याला बोलावून दाखवत होता. पुढं साहेब एका बाकावर आडवे झाले ते बस निघेपर्यंत. एका पाळण्यात बसले नाहीत. घरी जाताना बायकोला म्हणतात, "जेवण मात्र वसूल झालं." बायको म्हणाली, "अन् तिकीट?"

दुसरी रोशन गेटच्या एका खालांची, म्हणजे मावशींची. नातवंडांना घेऊन आल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी तोंडातलं पान गालात सारून विचारलं, "खाना कित्ते बजे?" म्हटलं, बारा ते अडीच. "तो मेरे को नक्को बेटी. घडी देखके भूक लगती क्या कबी?" तेव्हा मी हसले. ऑफिसात कितीतरी जणांना त्यांची नक्कल करून दाखवली. ती बाई किती शहाणी होती, ते कळायला मला देवगाव रंगारीचे अण्णा यावे लागले.

झाल्या गमती.

अण्णा म्हणजे मोठ्या खटल्याचे कर्ते. तीन भाऊ, सुना, लेकी, नातवंडं. शेती गावाकडं, दोन पोरं वाळूजला कंपनीत. मे महिन्यात नातवंडांनी हट्ट धरला म्हणून सगळं घर परराज्यातल्या एका मोठ्या पार्कात न्यायचं ठरलं. पार्कचं नाव सांगत नाही, जे तिथं झालं ते कुठंही होऊ शकतं. बुकिंगला अण्णा आले तेव्हा खुर्चीत ते बसले, भाऊ बसले, आणि अण्णांच्या कारभारीण, सगुणाबाई, दाराशी उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

अण्णांनी तोच प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्हीच सांगा. प्लॅन घ्यावा का नको?"

"घ्या अण्णा," मी म्हटलं. "एकवीस माणसं. प्रत्येक वेळी पाकीट काढत बसणार का?"

यात खोटं काही नव्हतं. पण पट्ट्यामागं मला पार्कवाले काहीतरी देत होते, हेही खरं. ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

निघताना सगुणाबाई टेबलाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, दशम्या नेल्या तर?"

"गेटवर काढून घेतात हो."

"मला साखर हाय. गोळी घेतली की पोटात पडावं लागतं."

"मग तर काळजीच नको. तिथं बाराच्या ठोक्याला जेवण तयार असतं," मी म्हटलं.

हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. त्या बाईनं माझ्या शब्दावर मान हलवली आणि गेली. साखरेच्या पेशंटला डॉक्टरची चिठ्ठी असली तर घरचं खाणं आत नेऊ देतात, हा नियम मला तोंडपाठ होता. चिठ्ठी घेऊन या, एवढे तीन शब्द मी बोलले नाही. कारण? घाई. दुसरा फोन वाजत होता.

पार्कच्या गेटवर सगुणाबाईंच्या पिशवीत दशम्या निघाल्याच. स्वच्छ फडक्यात बांधलेल्या, बरोबर लसणाची चटणी. माझ्या शब्दावर त्यांनी मान हलवली होती, पण विश्वास स्वतःच्या हातावर ठेवला होता, आणि तेच बरोबर होतं. गार्ड म्हणाला, "ये अंदर नहीं जाएगा." मी भांडले. म्हटलं, शुगरची पेशंट आहे. तो म्हणाला, "पर्ची दिखाओ." पर्ची कुठून दाखवू? गाठोडं तिथल्या टोपलीत गेलं, लोकांच्या बिस्किटांवर आणि केळ्यांवर पडलं. सगुणाबाई मलाच समजावत होत्या, "जाऊ द्या बाई, आत हाय की जेवण."

आत गेल्यावर पुरुष आणि पोरं पाण्यात उतरली. बायका नऊ. त्या एका झाडाखाली बसल्या, कारण पिशव्या कोण सांभाळणार, चपला कोण राखणार, तान्हं कोण घेणार? मोबाइल, पाकिटं, घड्याळं, सगळं त्यांच्या ओटीत. नऊ जणींची पाण्याची तिकिटं काढलेली होती, एकीचाही पाय भिजला नाही. एकच्या सुमारास मी लांबून ओरडले, "बायांनो, जेवून घ्या बरं का!" त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय."

या "व्हय, व्हय"चा अर्थ मला कळत नव्हता का? मी हर्सूलला वाढलेली बाई. आमच्या घरात आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग बायकांची, आणि सगळ्यात शेवटी आई. कुणी तिला "जेवलीस का" विचारलं की ती असंच म्हणायची. मला सगळं ठाऊक होतं. आणि तरी मी पुढं गेले, कारण ग्रुपमधल्या एका पोरानं लॉकरची किल्ली पाण्यात घालवली होती आणि त्याचा बाप माझ्या नावानं शंख करत होता.

ती किल्ली मिळेपर्यंत दोन वाजून गेले. मी धावत जेवणाच्या हॉलमध्ये आले. बघते तर अण्णा, भाऊ, जावई, पोरं टेबलाला बसलेली. पाण्यातून निघायलाच त्यांना दीड वाजला होता. अण्णा दुसऱ्यांदा भात घेत होते. पोरं आइस्क्रीमच्या तिसऱ्या फेरीला निघाली होती. आणि मागं भिंतीला लागून नऊ बायका उभ्या. खांद्याला पिशव्या, काखेत ओले टॉवेल, नऊ मनगटांना नऊ पट्टे.

मी म्हटलं, "अगं, तुम्ही जेवल्या का?"

सगुणाबाईंची धाकटी जाऊ, मंगल, म्हणाली, "ह्यांचं होऊ द्या. मग बसतो की."

"मग कधी? अडीचला बंद होतं!"

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. जेवणघर बंद होतं, हे तिच्या डोक्यात शिरेना. तिच्या घरी भांडी घासून होईपर्यंत चूल कुणी बंद करत नव्हतं. नियम मला माहीत होता, रीत त्यांना माहीत होती. दोन्ही ठाऊक असलेली मी एकटी, आणि मी किल्ली शोधत फिरत होते.

मी त्यांना ढकलतच रांगेत नेलं. पुढं शाळेची मोठी सहल उभी. आमचा नंबर आला तेव्हा मंगलनं हात पुढं केला आणि मशीननं लाल दिवा दाखवला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "टाइम खतम." मागं दोघं जण भाताच्या भांड्यांवर झाकणं ठेवत होते. आत वाफ दिसत होती.

मी वळून सगुणाबाईंकडं बघितलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, एक हात काउंटरला टेकलेला.

"गोळी कधी घेतली?"

"बाराला. तुमी म्हणल्या व्हत्या ना, बाराला जेवण."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती त्या दिवशी मी पुरती अनुभवली. समोरच्या चहाच्या स्टॉलवर गेले, साखरेच्या पुड्या मूठभर उचलल्या, न विचारता. दोन फोडून त्यांच्या तोंडात ओतल्या, पाणी पाजलं. त्या तशातही म्हणतात, "काही नाही बाई. ऊन लागलं आसंल."

मग मी काउंटरच्या आत शिरले. मॅनेजर पळत आला. "मॅडम, सिस्टम बंद हो गया है. हम कुछ नहीं कर सकते."

मी माझ्या मराठीतच बोलले, कारण माझं हिंदी रागाला पुरत नाही. म्हटलं, "बाबा, पैसे तू आधी घेतलेस. तिच्या हातचं गाठोडं तू कचऱ्यात टाकलंस. भात तुझ्या मागं वाफाळतोय. आता सिस्टिमला सांग, ही बाई पडली तर तिला उचलायला ये म्हणावं." आणि झाकण मी स्वतः काढलं. नऊ ताटं मी स्वतः वाढली. त्यानं सिक्युरिटीला बोलावलं. दोन गार्ड आले, सगुणाबाईंचा चेहरा बघितला आणि बाजूला उभे राहिले. माणसं वाईट नव्हती हो, मशीन लावलं की माणसं विचार करायचं सोडतात.

तोवर अण्णा हात धुऊन आले. "काय झालं मॅडम? एवढं काहून ओरडता?"

"तुमच्या बायकोनं बाराला गोळी घेतलीय अन् पोटात काही नाही, अण्णा."

"आमच्यात बायकांचं मागूनच असतं. त्यांना सवय हाय."

"भुकेची सवय लागेल एखाद्याला. साखरेच्या गोळीला कुठं असते सवय?" मी म्हटलं. "उठवा सगळ्यांना. टेबल मोकळं करा. आणि ह्या पिशव्या धरा."

का कुणास ठाऊक, त्यांनी धरल्या. खटल्याचा कर्ता, पांढरं धोतर, खांद्याला भावजयीची फुलाफुलांची पर्स, हातात ओला टॉवेल. त्यांच्यामागं बाकीचे पुरुषही तसेच रांगेत. नऊ बायका टेबलाला बसून जेवल्या. सगुणाबाईंनी पहिला घास घ्यायच्या आधी इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या पोरी बसल्या का समद्या?" मी ओरडले, "तुम्ही खा आधी!" बाई दचकून जेवायला लागली.

हा प्रसंग मी नंतर शंभर वेळा सांगितला. लोक वा वा म्हणायचे. पण खरं सांगू? राग मला पार्कवर होता, अण्णांवर होता, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर होता. आमच्या धंद्यात गाईड शेवटी जेवतो. सगळ्या पाहुण्यांची ताटं उठली की मगच तो बसतो. सव्वीस वर्षं मी याचा तोरा मिरवला, नव्या पोरींना तेच शिकवलं. म्हणजे आईची रीत मी पैसे घेऊन चालवत होते, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईला प्लॅन विकताना मला शेवटी जेवणारी बाई दिसली नाही.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. प्लॅन घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? तिला बोलवा. ती सांगेल." निम्मे पुरुष हसतात. काही खरंच बोलावतात. एक शिक्षक तर म्हणाले, "मॅडम, मला माहीत नाही. मी तोवर झोपलेला असतो."

पुढल्या मे महिन्यात अण्णा पुन्हा आले. नातवंडांनी तेच पार्क पाहिजे म्हणून धरलं होतं. यावेळी सगुणाबाई सोबत नव्हत्या. मी म्हटलं, प्लॅनचं काय करायचं?

अण्णा म्हणाले, "पुरुषांचा अन् लेकरांचा घ्या. बायकांचा नको अवंदा. मागल्या साली लई वाया गेलं."

मी म्हटलं, काय?

"वेळेवर खातच नाहीत त्या. फुकटचा खर्च. दशम्या नेतील, बाहेर बसून खातील."

मी पेन खाली ठेवलं. नऊ बायकांना वाढलेली नऊ ताटं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि हा माणूस त्यातून काय शिकला, तर हे! म्हटलं, "अण्णा, असं करू. यंदा प्लॅन फक्त बायकांचा घेऊ. दशम्या तुम्ही पुरुष बांधून न्या. स्वतः थापून."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांचा चेहरा उतरला, मग ताठला. "मॅडम, धंदा करायचा तर तोंड सांभाळावं लागतं."

"तोंड सांभाळून बायका उपाशी राहतात, अण्णा. मी नाही राहणार."

ते उठून गेले. बुकिंग दुसऱ्या एजंटाकडं गेलं. मी भाचीला म्हटलं, गेलं तर गेलं, असलं गिऱ्हाईक नको आपल्याला. त्या दिवशी मी फार खूश होते. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

मग पावसाळ्यानंतर भाचीनं वेरूळला एक ग्रुप घेऊन जायला सांगितलं. लेणी दाखवून झाली, घृष्णेश्वराचं दर्शन झालं, ग्रुप बाहेरच्या हॉटेलात जेवायला बसवला आणि मी पायरीवर टेकले. माझं जेवण मागून, नेहमीसारखं. समोरून नऊवारी नेसलेल्या एक बाई आल्या आणि थेट माझ्या पुढ्यात उभ्या राहिल्या. सगुणाबाई. डाव्या भुवईच्या वर टाक्यांची लांब खूण. आधी नव्हती.

"हे काय झालं?"

"त्याच पार्कात. उन्हात बसलो व्हतो गेटाबाहेर, सामान घेऊन. पोरं आत, पुरुष आत. दशम्यांची पिशवी गाडीत ऱ्हायली अन् गाडी लावली लांब. डायवरचा फोन लागंना. चक्कर आली, दगडावर पडले." कपाळावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला. "तुमी काहून नाही आल्या अवंदा?"

म्हटलं, "अण्णांनी दुसऱ्याकडं बुकिंग केलं."

"व्हय. म्हणले, ती बाई लई तोंडाळ हाय." माझा हात न सोडता त्या म्हणाल्या, "तुमी तोंडाळ हायेत म्हणून तर मागल्या खेपंला जेवले व्हते मी."

त्या दिवशी अण्णांना चार शब्द सुनावून मी मोकळी झाले होते, चहा पाजला होता. टाके हिच्या कपाळावर पडले. चिडून का होईना, ते बुकिंग मी घ्यायला पाहिजे होतं. प्लॅन न घेता घ्यायला पाहिजे होतं. माझ्या पिशवीत दशम्या आणि तिच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेटवर उभं राहायला पाहिजे होतं.

सगुणाबाई शेजारी टेकल्या. पिशवीतून फडकं काढलं, सोडलं आणि एक दशमी माझ्या हातावर ठेवली. "खा. तुमी बी जेवल्या नसताल."

"तुम्ही जेवल्या?"

"ह्यांचं होऊ द्या, मग..."

मी दशमी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातात कोंबली. चटणी मध्ये ठेवली. दोघी खायला लागलो. तेवढ्यात पलीकडच्या झाडाखालून अण्णांची हाक आली, "अगं ए, पाणी कुठाय? सगळे खोळंबलेत!" सगुणाबाईंचा घास तोंडातच राहिला, हात पिशवीकडं गेला. मी तो हात धरून ठेवला आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशी ओरडले,

"थांबा म्हणावं! बाई जेवायल्यात!"